दोन दिवे लागतात तेव्हा

आमच्या घराला हत्यारांचा खेळ नवा नाही. माझ्या वडिलांना घरात आणि गल्लीतही सगळे आबा म्हणतात. तरुणपणी ते कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीत फरी-गदका, म्हणजे लहान ढाल आणि काठीचा खेळ, खेळले आणि पुढे कितीतरी वर्षे शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा पट्टा फिरत राहिला. त्यामुळे त्यांची नात फेन्सिंग शिकू लागली तेव्हा तलवारबाजीतले आपल्याला कुणी समजावून सांगावे असे काही उरले असेल, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. गेल्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा तिची स्पर्धा बघायला आले, गुणलेखनाच्या टेबलामागे माझ्या पाठीशी खुर्ची टाकून बसले, आणि पहिल्याच लढतीत माझा खांदा हलवून म्हणाले, “आरं, दोघींस्नी बी लागलंय. दोन्ही दिवे पेटल्यात. मग गुण त्या एकट्या पोरीला कसा?”

माझी मुलगी खेळते तो फेन्सिंगचा प्रकार म्हणजे फॉइल, आणि तो पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. मलाही पडला होता आणि त्याचे उत्तर नीट उमगायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत तपासणी विभागात काम करतो. आमच्याकडे कास्टिंगला गेज बसला की माल पास, नाही बसला की रिजेक्ट. तिथे कुणाचे मत विचारात घ्यावे लागत नाही. मुलीच्या पहिल्या वर्षी स्पर्धेच्या टेबलावर गुण लिहायला माणूस हवा होता तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण इथेही यंत्र आहे, वार लागला की पेटणारे दिवे आहेत, म्हणजे काम आपल्या ओळखीचेच असणार, अशी माझी समजूत होती. ती समजूत पहिल्या तासाभरातच मोडली. आज मी त्या टेबलावर बसतो तेव्हा दिव्यांकडे लक्ष असतेच, पण कागदावर आकडा उमटतो तो पंचांचा हात वर गेल्यावर. या दोन क्षणांच्या मध्ये जे घडते तेच फॉइल आहे, आणि त्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले काही माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा खटाटोप.

फेन्सिंगमध्ये हत्यारे तीन: फॉइल, इपी आणि सेबर. सेबरमध्ये हाताचे पंजे सोडून कमरेच्या वरचे सगळे शरीर लक्ष्य असते आणि पात्याच्या धारेचा वारही मोजला जातो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली तलवारबाज म्हणून उतरलेल्या भवानी देवीचे हत्यार हेच. इपीत पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत कुठेही टोक लागले तरी चालते, आणि दोघांचे वार जवळजवळ एकाच क्षणी लागले तर दोघांनाही गुण मिळतो. आबांना जो न्याय स्वाभाविक वाटत होता तो इपीचा न्याय होता. फॉइलचा न्याय वेगळा आहे.

फॉइलचे वजन ५०० ग्रॅमच्या आत आणि एकूण लांबी जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर असते, त्यातले पाते ९० सेंटिमीटरपर्यंत. वार फक्त टोकाने मोजला जातो. टोकाला स्प्रिंगवर बसवलेली एक बारीक कळ असते आणि ती दाबली गेली तरच यंत्राला वार कळतो. लढतीआधी पंच हत्यार उभे धरून त्या कळीवर ५०० ग्रॅमचे वजन ठेवतात. स्प्रिंगने ते वजन उचलून धरले पाहिजे. वजन खाली बसले तर हत्यार बाद. हे एवढे एक काम मात्र माझ्या फौंड्रीतल्यासारखे आहे आणि ते पाहताना मला अजूनही बरे वाटते.

लक्ष्य फक्त धड. गळ्यापासून जांघेपर्यंत, पुढून आणि पाठीमागूनही. हात, पाय आणि डोके त्यात नाहीत. २००९ पासून मास्कला खाली जोडलेल्या गळपट्टीचा खालचा भागही लक्ष्यात धरतात. हा सगळा भाग झाकणारे जॅकेट धातूच्या बारीक तारा विणलेल्या कापडाचे असते, त्याला लॅमे म्हणतात. हत्यारातून निघालेली तार खेळाडूच्या बाहीतून, पाठीमागून बाहेर पडून रिळाला आणि तिथून यंत्राला जोडलेली असते. एरवी या तारेतून वीजप्रवाह अखंड चालू असतो आणि कळ दाबली की तो तुटतो. टोक तेव्हा लॅमेवर असेल तर रंगीत दिवा लागतो, पंचांच्या डावीकडच्या खेळाडूचा लाल आणि उजवीकडच्याचा हिरवा. टोक हातावर, पायावर किंवा मास्कवर लागले असेल तर पांढरा दिवा लागतो. पांढऱ्या दिव्याला गुण नाही, पण लढत तिथे थांबते.

प्रवाह तुटला की पांढरा दिवा, ही रचना एकदा लक्षात आली की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. तारेचा सांधा कुठे सुटला तरी यंत्राला ते कळ दाबल्यासारखेच वाटते. परगावच्या एका स्पर्धेत आमच्या मुलीच्या बाजूला कुणी कुणाला शिवले नसताना पांढरा दिवा लागला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा लागला. बॉडी वायरच्या, म्हणजे बाहीतून जाणाऱ्या त्या तारेच्या, पिनेपाशी आतली तार तुटून नुसत्या वेष्टनावर लोंबत होती. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले आणि ते नियमाप्रमाणेच होते, कारण चालू स्थितीतली साधने घेऊन पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, येणे ही खेळाडूची जबाबदारी मानली जाते. म्हणूनच किमान दोन हत्यारे आणि दोन बॉडी वायर जवळ ठेवण्याचा नियम आहे. तेव्हापासून स्पर्धेच्या आदल्या रात्री मी मल्टिमीटर घेऊन बसतो आणि लॅमेवर दोन टोके ठेवत सगळीकडे फिरवतो. कुठेही रोध ५ ओहमच्या वर जाता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात घामाने ओले झालेले जॅकेट पिशवीत तसेच राहिले तर तारा काळ्या पडतात आणि तेवढ्या जागेवर वार लागूनही पांढरा दिवा लागतो. ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, घडी न घालता, सावलीत हँगरला लावावे लागते.

इथवर सगळे यंत्राचे काम झाले. वार लागला की नाही आणि लागला तर कुठे, एवढेच यंत्र सांगते. गुण कोणाचा, हे ते सांगत नाही.

एका खेळाडूचा वार लागल्यावर यंत्र साधारण ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी वेळ, दुसऱ्याच्या वारासाठी थांबते. त्यानंतर आलेला वार ते नोंदवत नाही. २००४-०५ च्या हंगामाच्या आधी ही मुदत ७५० मिलिसेकंद होती. ती कमी केल्यामुळे उशिरा केलेला प्रतिवार पकडला जात नाही, आणि खेळाडूंना वार अडवल्यावर रेंगाळून चालत नाही. तरीही ३०० मिलिसेकंदांत दोघांचेही वार सहज लागतात. फॉइलच्या लढतीत दोन्ही रंगीत दिवे एकदम लागणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी गुण ठरतो तो चढाईच्या हक्कावरून.

चढाई हा शब्द मी कबड्डीतून घेतला आहे, कारण त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. आमच्या हॉलमध्ये मुले सरळ ‘राइट ऑफ वे’ म्हणतात. जो खेळाडू आधी हात लांबवतो, टोक प्रतिस्पर्ध्याच्या धडावर रोखतो आणि तो धाक न मोडता पुढे सरकतो, त्याच्याकडे चढाईचा हक्क असतो. ज्याच्यावर चढाई झाली त्याने आधी तिचा बंदोबस्त करायचा: पात्याने वार अडवायचा, किंवा मागे सरून तो चुकवायचा. वार अडवला की हक्क त्याच क्षणी अडवणाऱ्याकडे जातो आणि त्याने लगेच केलेला प्रतिवार ही नवी चढाई होते. तो प्रतिवारही पहिल्याने अडवला तर हक्क पुन्हा फिरून त्याच्याकडे. नुसते पुढे धावत येणे म्हणजे चढाई नव्हे. हात आखडून पळत येणारा खेळाडू कितीही आक्रमक दिसला तरी ती त्याची तयारी समजली जाते, आणि त्या तयारीत दुसऱ्याने हात लांबवून वार केला तर चढाई दुसऱ्याची. बघणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो, कारण त्यांचे डोळे पायांवर असतात आणि पंचांचे हातावर.

आणखी एक स्थिती आहे, तिला पॉइंट इन लाइन म्हणतात. समोरच्याने चढाई सुरू करण्याआधीच एखाद्याने हात पूर्ण ताठ करून टोक त्याच्या धडाकडे रोखून धरले असेल, तर चढाई करणाऱ्याने ते पाते आधी बाजूला सारले पाहिजे. तसे न करता तो आत आला आणि दोन्ही दिवे लागले, तर गुण हात रोखून उभ्या राहिलेल्याला. भाल्याच्या टोकावर स्वतःहून छाती नेऊन आदळणाऱ्याला शाबासकी कशी द्यायची, एवढाच त्यामागचा विचार आहे.

या सगळ्या नियमाचे मूळही त्याच विचारात आहे. युरोपात हलकी टोकदार तलवार कमरेला लावण्याची पद्धत होती तेव्हा तिचा सराव करण्यासाठी बोथट टोकाचे फॉइल वापरात आले. खऱ्या टोकासमोर, समोरून वार येत असताना तो न अडवता आपलाही वार करायचा, म्हणजे दोघांनी मरायचे. गुरूला शिष्याच्या अंगी बाणवायचे होते ते हे की आधी जीव वाचव, मग मार. धड हेच लक्ष्य राहिले, कारण प्राणघातक जखम तिथेच होते. आज टोक बोथट आहे, समोरचा खेळाडू केव्हलारच्या नाहीतर तशाच मजबूत कापडाच्या पोशाखात आहे, पण नियम त्या धारदार टोकाची आठवण धरून आहे.

त्या दिवशी मी आबांना हे सगळे सांगू शकलो नाही. टेबलावर बोलायला वेळ नसतो. मधल्या सुटीत चहा पिताना मी एवढेच सांगितले की हिरव्या दिव्याच्या मुलीने आधी वार सुरू केला होता, आपल्या मुलीने तो अडवला नाही, तिने मधेच हात घातला. आबांनी कप खाली ठेवला, डाव्या हाताची मूठ छातीसमोर आडवी धरली, जणू फरी धरली आहे, आणि उजवा हात तिच्यामागून बाहेर काढत म्हणाले, “म्हंजे तिनं आधी फरीवर घ्यायला पायजे हुतं. आधी घ्यायचं, मग द्यायचं. वस्तादांनी पयल्या दिवशी आमास्नी हेच सांगितलं हुतं.” फॉइलमध्ये ढाल नाही, पातेच फरीचे काम करते आणि गदक्याचेही. मला तीन वर्षे लागली ते त्यांना एका कपात कळले.

मग मी त्यांना फॉइलमधला सर्वांत अवघड वाटणारा निर्णय सांगितला. चढाई करणाऱ्याचे टोक दंडावर लागले, म्हणजे पांढरा दिवा. त्याच वेळी चढाई न अडवता समोरच्याने मधेच केलेला वार बरोबर छातीवर लागला, म्हणजे रंगीत दिवा. गुण कोणाला? कोणालाच नाही. हक्क चढाई करणाऱ्याचा होता, त्याचा वार लक्ष्याबाहेर लागला, आणि ज्याने स्वतःचा बचाव केला नाही त्याला समोरच्याच्या नेमचुकीचा फायदा मिळत नाही. लढत जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते. एकच रंगीत दिवा पेटलेला असताना पंच दोन्ही हात खाली ठेवतात तेव्हा पालकांच्या खुर्च्यांत हमखास चुळबुळ होते.

दोघांनीही एकाच क्षणी चढाई सुरू केली असे पंचांना दिसले तर फॉइलमध्ये दोन्ही वार रद्द होतात. हा क्षण किती बारीक असू शकतो हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या फॉइलच्या अंतिम लढतीत दिसले. हाँगकाँगचा च्यूंग का लाँग आणि इटलीचा फिलिप्पो माक्की १४-१४ वर होते, उरलेल्या एका गुणासाठी पंचांना पुन्हा पुन्हा व्हिडिओ पाहावा लागला, आणि अखेर च्यूंगने १५-१४ अशी लढत जिंकून टोकियोतले सुवर्ण राखले. इटलीने त्या निर्णयांवर उघड नाराजी व्यक्त केली. मी ते तुकडे अनेकदा संथ गतीने पाहिले आहेत. माझे मत असे की ज्या खेळात गुण ठरवण्यासाठी हेतू आणि क्रम वाचावा लागतो, त्यात असा वाद कधीतरी होणारच, आणि तो टाळण्यासाठी फॉइलचे इपी करून टाकणे हा उपाय नव्हे. चढाईचा हक्क काढून घेतला तर उरते ती फक्त आधी पोचण्याची शर्यत.

जुने जाणकार सांगतात ते मला फार पटते. वीज येण्याआधी फॉइलच्या लढतीभोवती पाच माणसे असत: मुख्य पंच आणि चार सहायक. वार लागला का, एवढेच ते चार सहायक पाहत. कोणाच्या हक्काचा, हे मुख्य पंच सांगत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फॉइलला विजेचे यंत्र जोडले गेले आणि त्या चौघांचे काम यंत्राकडे गेले. पाचव्याचे काम त्याच्याकडेच राहिले, आणि ते आजही माणसाकडे आहे.

तो पाचवा माणूस मोठ्याने बोलतो, हे नव्या प्रेक्षकांनी आवर्जून ऐकावे. सुरुवातीचे शब्द फ्रेंच आहेत आणि जगभर तेच चालतात: ‘आन गार्द’ म्हटले की पवित्रा, ‘प्रे’ म्हटले की तयार आहात का, आणि ‘आले’ म्हटले की सुरू. ‘आल्त’ म्हटले की थांबायचे. थांबवल्यावर पंच नुसता गुण जाहीर करत नाहीत. घडलेला सगळा संवाद ते हाताच्या खुणांसह पुन्हा सांगतात. उजवीकडून चढाई, डावीकडून अडवले, प्रतिवार लागला, गुण डावीकडे. निर्णयाचे कारण दर वेळी खेळाडूसमोर बोलून दाखवले जाते. मी इतर खेळांच्या मैदानांवर पुष्कळ बसलो आहे, शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने लहानपणापासून पाहत आलो आहे, पण प्रत्येक गुणामागे पंचाने असे स्पष्टीकरण देण्याची रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. नियम चुकीचा लावला गेला असे वाटले तर खेळाडू मास्क वर करून, नम्रपणे, विचारू शकतो. पण काय घडले याविषयी पंचांना जे दिसले त्यावर दाद मागता येत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये व्हिडिओची सोय असते; साखळीच्या लढतीत एकदा आणि बाद फेरीत दोनदा मागणी करता येते, आणि मागणी बरोबर निघाली तर ती संधी शिल्लक राहते. जिल्ह्याच्या पातळीवर व्हिडिओ नसतो. तिथे पंचांचे डोळे हाच शेवटचा शब्द, आणि तो मानण्याची सवय लहान वयात लागते. मला ती उशिरा लागली. दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेत, मुलीचा प्रतिवार नाकारला गेला तेव्हा, मी टेबलावरून उठून पंचांशी बोलायला गेलो. त्यांनी मला शांतपणे सांगितले की पिस्टबाहेरच्या माणसालाही पिवळे कार्ड दाखवता येते आणि पुन्हा तसेच घडले तर त्याला सभागृहाबाहेर काढता येते. मी परत जाऊन बसलो. मुलगी त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. हरल्यामुळे नव्हे, मी उठलो म्हणून.

लढतीच्या हिशेबाविषयी थोडक्यात. पिस्ट १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते, आणि दोघे मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभे राहतात. दोन्ही पाय मागच्या रेषेबाहेर गेले की समोरच्याला गुण. साखळीतली लढत ५ गुणांची, ३ मिनिटांची; बाद फेरीतली १५ गुणांची, ३ मिनिटांचे तीन भाग, मधे एकेक मिनिट विश्रांती. वेळ संपताना बरोबरी असेल तर चिठ्ठी किंवा नाणेफेक करून आधी एकाला अग्रक्रम देतात आणि मग एक जादा मिनिट खेळवतात. पहिला गुण घेईल तो जिंकला, आणि कोणीच घेतला नाही तर अग्रक्रमवाला जिंकला. साखळीचा कागद चौकटींचा असतो, मधला तिरका पट्टा काळा. तिथे ४-५ ने हरलेली लढत आणि ०-५ ने हरलेली लढत सारखी नसते, कारण विजय समान झाले की घेतलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक मोजून क्रम लागतो. हरताना घेतलेला एकेक गुण पुढे कामाला येतो, हे मुलांना पटवावे लागत नाही. कागदावर सही करण्याआधी ती स्वतःच बेरजा तपासतात.

कार्डे तीन. पिवळे म्हणजे ताकीद, लाल म्हणजे समोरच्याला एक गुण, काळे म्हणजे स्पर्धेतून बाहेर. फॉइलमध्ये एकमेकांच्या अंगाला अंग भिडवणे हा दोष आहे. समोरच्याकडे पाठ फिरवणे, मोकळ्या हाताने लॅमे झाकणे, पंचांनी थांबवण्याआधी मास्क काढणे हेही दोष, आणि यांना पहिल्यांदा पिवळे, पुन्हा केले तर लाल. पण एक दोष असा आहे की ज्याला पिवळ्याची पायरीच नाही, आणि तो वाराशी नव्हे तर सलामीशी निगडित आहे.

लढतीआधी दोघेही मास्क हातात घेऊन, चेहरा उघडा ठेवून, फॉइल हनुवटीपर्यंत उभे आणून खाली नेतात: समोरच्याला, पंचांना आणि प्रेक्षकांना. शेवटचा गुण झाला म्हणजे लढत संपली असे नियम मानत नाही. पंच निर्णय देईपर्यंत दोघांनी स्तब्ध राहायचे, मग आपापल्या रेषेवर परत यायचे, पुन्हा सलामी द्यायची, आणि तेव्हा लढत संपते. सलामी नाकारणाऱ्याला थेट काळे कार्ड. हस्तांदोलनही याच नियमात होते, आणि ते किती गंभीरपणे घेतले जात होते हे जुलै २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत सगळ्या जगाने पाहिले. युक्रेनची सेबरपटू ओल्हा खार्लान हिने रशियाच्या आन्ना स्मिर्नोव्हाला हरवल्यावर हाताऐवजी सेबरचे पाते पुढे केले, आणि जिंकलेली लढत असूनही तिला काळे कार्ड मिळाले. तिच्या देशावर युद्ध चालू होते. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यानंतर हस्तांदोलनाची सक्ती सैल करून दुरून सलामी देण्याला मान्यता दिली, ऑलिंपिक समितीने तिची पॅरिसची जागा राखून ठेवली, आणि तिथे तिने वैयक्तिक कांस्य व सांघिक सुवर्ण जिंकले. सलामी मात्र कुणालाही माफ झाली नाही, आणि मला ते योग्य वाटते. हात देणे ही आपुलकी असू शकते, ती सक्तीने घेता येत नाही. सलामी म्हणजे समोर कोण आहे हे आपण पाहिले, एवढीच नोंद असते.

आबांना सलामीचे नवल वाटले नाही. खासबागेत पैलवान माती कपाळाला लावून हात मिळवल्याशिवाय भिडत नाहीत, आणि फरी-गदक्यातही आधी जमिनीला हात लावतात. त्यांना खटकले ते हस्तांदोलन. साखळीतल्या बहुतेक मुली लढत संपल्यावर एकमेकींना डावा हात देत होत्या. “डावा हात कसा पुढं करायचा माणसाला?” त्यांनी विचारले, आणि या वेळी त्यांचा आवाज पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त दुखावलेला होता. कारण साधे आहे. उजव्या हातात फॉइल असते आणि त्या हाताला मोजा असतो, म्हणून नियमाने बिनहत्याराचा हात द्यायचा. आमच्या हॉलमध्येही नव्याने आलेली लहान मुले इथे अडखळतात. घरी त्यांना प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये असे शिकवलेले असते, आणि इथे सर डावा हात पुढे कर म्हणतात. काही जण दोन्ही हात पुढे करतात आणि फॉइल खाली पडते.

आमची मुलगी तर डावखुरी आहे. उजव्या हाताच्या खेळाडूसमोर ती नेहमी पंचांच्या डाव्या बाजूला उभी असते, म्हणून तिचा दिवा बहुधा लाल. आणि तिचा मोकळा हात उजवा. समोरची मुलगी डावा हात पुढे करते, ही उजवा करते, आणि दोन हात एकमेकांत बसत नाहीत. बहुतेक वेळा दोघी बोटांची टोके कशीतरी पकडून सोडून देतात. त्या दिवशीच्या पहिल्या लढतीत, जिच्याविषयी आबांनी तक्रार केली होती, ती हिरव्या दिव्याची मुलगी ५-३ ने जिंकली. दोघींची सलामी झाली. मग तिने फॉइल काखेत धरले, मोजा दातांनी ओढून काढला, आणि उजवा हात पुढे केला. मी कागदावर निकाल लिहीत होतो, त्यामुळे मला हे दिसलेच नाही. हे मला आबांनी सांगितले, रात्री, जेवताना.